एकाच आईची बाजरी, अन् मुगाचा बेवड



खरीप आला की देवळ्यात आता मकाच मका. माझ्याही रानात सलग तिसरं वर्ष. वडलांच्या तरुणपणी इथं बाजरी असायची. तिची गोष्ट विसरू नये अशी आहे.

१९६५ ला एचबी-१ हा पहिला संकरित वाण आला. उतारा वाढला, मग बाजरीवर बाजरी. १९७०-७१ ला देशात ८० लाख टन पिकली, पुढच्याच वर्षी ५३ लाखांवर आली. त्यात मोठा वाटा गोसावी रोगाचा. कणसाच्या जागी पानांचा झुपका, दाणाच नाही. त्या गाजलेल्या वाणांची आई एकच, अमेरिकेतली टिफ्ट २३ए. त्यामुळं सगळे एकदम बळी पडले. रोगाचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. तेच पीक घेतलं की साठा वाढतो.

जुनी माणसं मुगाच्या बेवडावर बाजरी घ्यायची. मुगावर गोसावी येत नाही, टारफुलाही पोसत नाही. बाजरी जाऊन मका आला, ही मात्र टारफुल्यासाठी फेरपालट नव्हे. तो ज्वारी, बाजरी, मका तिन्हींच्या मुळांवर जगतो.

आता हिशोब. मुगाला मक्याएवढे पैसे होत नाहीत, चाराही कमी, खरंय. पण हा तोटा एका हंगामाचा. जमिनीत साठलेला रोग अन् टारफुला पुढची कित्येक वर्षं वसुली करतात. शिवाय मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो, रांगड्या कांद्याला रान वेळेत मोकळं.

म्हणून यंदा चारपैकी एक एकर मुगाला. तुमच्याकडं मक्यावर मका किती वर्षं झाली?