लिनक्स संगणकातील ध्वनिदोष

लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातून आवाज न येणे, तो भलत्याच उपकरणातून येणे, तुटक किंवा खरखरीत येणे अथवा मायक्रोफोनने आवाज न पकडणे, असे बिघाड. यंत्रभाग निकामी झाल्यानेच हे घडते असे नाही. पुष्कळदा एखादा भाग मूक केलेला असतो, चुकीचे निर्गम-उपकरण निवडलेले असते किंवा आवश्यक फर्मवेअर बसवलेले नसते. त्यामुळे प्रणाली पुसून नव्याने टाकण्याआधी क्रमाने तपासणी करणे श्रेयस्कर असते.

महत्त्व : मराठीतून संगणक शिकणाऱ्यांसाठी आवाज ही चैन नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार होतात. पडद्यावरचे काम तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रित केले जाते. इथे मराठी कानावाटेच पोहोचते. आवाज बंद पडला की विद्यार्थ्यासमोर इंग्रजी पडदा तेवढा उरतो. दृष्टिहीन वापरकर्त्याचे नुकसान त्याहून मोठे असते. ऑर्का हे पडदावाचक सॉफ्टवेअर ईस्पीक-एनजी या वाचासंश्लेषकाच्या मदतीने मराठी मजकूर वाचून दाखवते. आवाज गेला की अशा वापरकर्त्यापुरता अख्खा संगणकच बंद पडतो.

रचना : आवाज चार थरांतून जातो. सर्वांत वर ब्राउझर किंवा चित्रफीत दाखवणारे अनुप्रयोग असतात. त्यांच्याखाली ध्वनिसेवा असते. ती अनेक अनुप्रयोगांचे आवाज एकत्र करून निवडलेल्या उपकरणाकडे पाठवते. तिसरा थर कर्नलमधील चालकांचा (ड्रायव्हरांचा) म्हणजे अल्साचा, आणि चौथा ध्वनिचिप, स्पीकर व जोडणीचा. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून अल्साने ओएसएस या जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. ध्वनिसेवा म्हणून पल्सऑडिओ उबुंटूत ८.०४ या आवृत्तीपासून (२००८) आली. तिच्या जागी आता पाईपवायर रूढ झाली आहे : फेडोरा ३४ (२०२१) आणि उबुंटू २२.१० (२०२२) या आवृत्त्यांपासून ती मूळ मांडणीतच असते. जुन्या मार्गदर्शिकांतील पल्सऑडिओच्या काही सूचना नव्या संगणकावर लागू पडत नाहीत, त्याचे कारण हेच.

तपासणीचा क्रम : प्रथम सेटिंग्जमधील ध्वनीचे पान उघडून निर्गम-उपकरण पाहावे. मॉनिटर किंवा प्रोजेक्टर एचडीएमआय तारेने जोडला असल्यास आवाज तिकडे वळलेला असू शकतो. एकाच अनुप्रयोगाचा आवाज येत नसेल, तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या साधनात त्या अनुप्रयोगाची पट्टी मूक आहे का ते पाहावे. हे साधन पाईपवायरवरही चालते. त्यातील कॉन्फिगरेशनच्या पानावर ध्वनिकार्ड बंद ठेवलेले नाही, याची खात्री करावी.

एवढ्याने आवाज आला नाही, तर पाईपवायर, पाईपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या सेवा पुन्हा सुरू कराव्यात. त्या वापरकर्त्याच्या खात्यात चालतात, म्हणून रूट अधिकार वापरू नयेत. आज्ञा ठाऊक नसेल, तर संगणक पुन्हा सुरू केला तरी चालते. त्यानंतर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडावा, एफ-६ कळीने प्रत्यक्ष कार्ड निवडावे आणि ज्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसते ती ‘एम’ कळ दाबून खुली करावी.

निर्गम म्हणून ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसत असेल, तर ध्वनिसेवेला वापरण्याजोगे कार्ड मिळालेले नसते आणि दोष खालच्या थरांत शोधावा लागतो. इंटेल प्रक्रियक असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागते. त्याचे पॅकेज नसेल तर कार्ड चालू होत नाही. डेबियनने १२व्या आवृत्तीपासून (२०२३) असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-माध्यमातच दिल्याने ही अडचण बरीच कमी झाली.

यंत्रभागाचा संशय असल्यास पेनड्राइव्हवरून दुसरी लिनक्स प्रणाली स्थापना न करता चालवून पाहावी. तिच्यात आवाज आला, तर यंत्र धड आहे आणि दोष मूळ प्रणालीच्या मांडणीत आहे. जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीसारख्या गावातून संगणक दुरुस्तीसाठी शहरात नेण्याआधी ही चाचणी अवश्य करावी. तिला खर्च नाही आणि डिस्कवरील कामाला धक्काही लागत नाही.

विशेष दोष : पाठातील पहिला शब्द गिळला जात असेल किंवा सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर बहुधा वीज वाचवण्यासाठी चिप झोपी जात असते; चालकाची वीजबचत शून्यावर आणल्यास दोष जातो. तुटक आवाजाचे एक कारण अपुरा बफर हे असते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २१ मिलिसेकंद पुरतो. मंद संगणकावर तो वाढवावा लागतो. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच आवाज निकृष्ट होतो, कारण जोडणी संगीताच्या प्रकारातून संभाषणाच्या प्रकारात जाते. अशा वेळी वेगळा मायक्रोफोन वापरून हेडफोन संगीताच्या प्रकारातच ठेवावा.

दोषाची नोंद : वरील उपायांनी गुण न आल्यास संगणकाचे प्रारूप, ध्वनिचिपचे नाव, कर्नलची आवृत्ती आणि दोष नेमका केव्हा उद्भवतो हे लिहून प्रणालीच्या विकासकांना कळवावे. ‘आवाज येत नाही’ एवढ्यावरून त्यांना काहीच करता येत नाही. विशिष्ट चिपसाठीची दुरुस्ती मात्र कर्नलमध्ये एकदा समाविष्ट झाली की त्या प्रारूपाच्या प्रत्येक संगणकाला पुढील अद्ययावतीकरणात ती विनामूल्य मिळते. म्हणून नीट लिहिलेली एक तक्रार अनोळखी गावांतील अनेकांच्याही उपयोगी पडते.