‘स्क्रम मास्टर’ परीक्षा : अनुभवच आडवा येतो

सॉफ्टवेअर प्रकल्प छोट्या टप्प्यांत विकसित करण्याच्या ‘अजाइल’ विचाराचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतील युटा येथे १७ तज्ज्ञांनी मांडला. केन श्वेबर व जेफ सदरलंड हे ‘स्क्रम’ पद्धतीचे प्रणेते त्यांच्यापैकीच. श्वेबर यांच्या ‘स्क्रम डॉट ऑर्ग’ची ‘पीएसएम-१’ ही परीक्षा ऑनलाइन असते. प्रश्न ८०, वेळ ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के गुण आवश्यक. म्हणजे चुका फार तर १२.

येथे अनुभवी उमेदवारांनीच अधिक सावध राहावे. अनेक कार्यालयांत रोजची बैठक व्यवस्थापक घेतो आणि ती तासभर रेंगाळते. ‘स्क्रम गाइड’नुसार मात्र ती १५ मिनिटांची व डेव्हलपर्सची असते. सवयीने उत्तर दिले, की गुण गेला!

त्यामुळे पंधरा पानांच्या आतले हे विनामूल्य गाइड शब्दन् शब्द वाचावे, तेही नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीचे. जुन्या टिपणांतील ‘डेव्हलपमेंट टीम’ ही संज्ञा त्यातून वगळली आहे. सरावासाठी ‘स्क्रम ओपन’ ही ३० प्रश्नांची मोफत चाचणी आहे. तीत सलग काही वेळा पूर्ण गुण मिळेपर्यंत मुख्य परीक्षेची घाई करू नये; तिचे शुल्क एकाच प्रयत्नापुरते असते.