खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचे सेवासंरक्षण (लातूर–नांदेड)

लातूर व नांदेड हे शिक्षणसंस्थांचे जिल्हे असल्याने येथे नोकरी जाण्याचे अनेक वाद शाळेतून उद्भवतात. शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात दिला. त्यामुळे औद्योगिक विवाद कायद्याची वाट शिक्षकांना बंद झाली. महाराष्ट्रात त्यांचा खरा आधार म्हणजे खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयीचा 1977 चा अधिनियम.

बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा बढतीत डावलणे यांविरुद्ध कलम 9 नुसार 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. असे न्यायाधिकरण लातूरला आहे. उशिराला सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. आदेश बेकायदा ठरल्यास सेवेत पुनर्स्थापना व थकीत वेतन, नाहीतर भरपाई मिळते.

सर्वांत मोलाचे कलम 7 आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवावी लागते. दबावाखाली कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीविरुद्ध दुर्बळ शिक्षकाला ही मोठी ढाल आहे. कर्मचाऱ्याविरुद्धच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या समितीतही एक सदस्य कर्मचाऱ्याने सुचवलेला असतो.

खाजगी शिकवणी वर्गांतील शिक्षकांना मात्र हा अधिनियम लागू नाही.