घाटघर : नाणेघाटाच्या माथ्यावरचे सीमेचे गाव

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर हे छोटे गाव आहे. गावाच्या पश्चिमेस जमीन एकाएकी संपते आणि खाली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचे कोकण पसरलेले दिसते. दोन जिल्ह्यांची आणि देश व कोकण या दोन प्रदेशांची सीमा येथे एकच आहे. अकोले तालुक्यातही याच नावाचे गाव असल्याने वाचकांचा गोंधळ होतो. येथे अभिप्रेत आहे ते नाणेघाटाचे घाटघर.

घाटघरचा इतिहास म्हणजे मुख्यतः या घाटाचा इतिहास होय. जुन्नर ही सातवाहनकालीन मोठी बाजारपेठ. तेथून कल्याण, सोपारा या बंदरांकडे जाणारा माल या खिंडीतून उतरत असे. खिंडीच्या तोंडाशी खोदलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील मानतात. विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये तो पाहिला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. पहिल्या सातकर्णीची ही राणी, महारठी त्रणकयिराची कन्या. अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची जंत्रीच लेखात आहे: कोठे १०,००१ गाई, कोठे २४,४०० कार्षापण, शिवाय हत्ती, घोडे, वस्त्रे.

या जंत्रीचे खरे मोल दानाच्या औदार्यात नाही, तर आकड्यांत आहे. भारतातील अंकचिन्हांच्या आरंभीच्या पुराव्यांत नाणेघाटाची गणना होते. शून्य किंवा स्थानमूल्य तेव्हा नव्हते. दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरली आहेत. त्यांतील काही चिन्हांत आजच्या अंकांचे पूर्वरूप ओळखू येते. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी व नागनिका आदी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज उरली आहेत ती केवळ पावले आणि वरची नावे.

माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता आणि त्यावरूनच घाटाचे नाव पडले, असे सर्रास सांगितले जाते. कथा सुरेख आहे, मात्र तिला शिलालेखाचा आधार नाही.

गावावर पहारा आहे तो जीवधन किल्ल्याचा आणि त्याला बिलगून उभ्या असलेल्या वानरलिंगी सुळक्याचा. निजामशाही बुडत असताना मूर्तजा या बालवारसाला जीवधनवर ठेवले होते. शहाजीराजांनी १६३३ मध्ये त्याला पेमगिरीवर नेऊन गादीवर बसवले आणि तीन वर्षे मोगल व आदिलशाही यांच्याशी झुंज दिली. १६३६ च्या माहुलीच्या तहात जीवधन मोगलांकडे गेला. १८१८ च्या मे महिन्यात तो इंग्रजांच्या हाती पडला.

व्यापार मात्र तोफांनी नव्हे, रस्त्यांनी संपवला. नाणेघाट ही पायरस्त्याची वाट. येथून बैलांच्या पाठीवर माल जाई, गाडी जाणे शक्य नव्हते. बोरघाटात १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली आणि देशावरचा माल तिकडे वळला. पुढे कल्याण–नगर मार्गही शेजारच्या माळशेज घाटातून गेला. आल्प्समध्ये ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीखालून १९६४ मध्ये बोगदा निघाल्यावर वरच्या वाटेची वर्दळ अशीच ओसरली. फरक एवढाच की घाटघरच्या वाट्याला पर्यायी उद्योग आला नाही.

येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. राब भाजून केलेली भातशेती, उतारावरची नाचणी आणि वरई, तसेच हिरडा यांवर गुजराण चालते. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा हे रोख पैसा देणारे मुख्य साधन. तोही निसर्गाच्या लहरीवर. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील हिरड्याची मोठी हानी केली आणि भरपाईसाठी उत्पादकांना पुढे काही वर्षे आंदोलने करावी लागली.

त्याहून विचित्र गोष्ट पाण्याची. याच डोंगरांतून येणारी कुकडी माणिकडोह धरणात अडवली जाते आणि कुकडी प्रकल्पाचे कालवे थेट पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंतची शेती भिजवतात. पावसाळ्यात जेथे आठवडेच्या आठवडे धुके हटत नाही, त्या माथ्याकडच्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कातळ पाणी धरून ठेवत नाही, आणि कालवे खालच्या दिशेनेच जातात.

अलीकडच्या काळात पावसाळी पर्यटनाने गावाला पुन्हा वर्दळ दिली आहे. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्यासाठी शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागतात; जेवण, निवास आणि वाटाड्या म्हणून काही कुटुंबांना चार पैसे मिळतात. हंगाम मात्र तीन-चार महिन्यांचाच. भाताची कापणी उरकली की घरातील तरुण नारायणगाव परिसरातील बागायतीत किंवा शहरात मजुरीसाठी जातात. तिकडे लेण्यात पाणी झिरपून आणि पर्यटकांच्या हातांनी अक्षरे पुसट होत आहेत. मधल्या काही ओळी तर पूर्वीच्या अभ्यासकांच्या ठशांवरूनच वाचाव्या लागतात.