केबलवाल्याच्या खोलीतली शाळा

छोट्या गावातल्या केबल चॅनलचा विषय निघाला की लोक हसतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सराफाच्या जाहिराती, थरथरणारा कॅमेरा. हसण्यासारखे त्यात बरेच होते. पण कडेगाव, विटा, कराड या पट्ट्यातल्या दहावी-बारावीच्या पोराला टीव्हीचे काम हाताने करून पाहण्याची दुसरी जागा कुठे होती? मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. तिथे शिरायचे तर शिक्षण, ओळख आणि मुंबईत राहायची सोय लागे. केबलला यातले काहीच लागत नसे. डिश, मॉड्युलेटर, व्हीसीआर सगळे एका खोलीत, आणि ती खोली गावातच. १९९५च्या केबल कायद्यानेही या धंद्याला मोठे दार बसवले नाही. नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात होत असे. त्यामुळे वायर ओढणारा पोरगा संध्याकाळी कॅसेट लावी आणि सणाला कॅमेरा धरी. ज्याला कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत आणि खालची हिंदू-मुस्लिमांची गर्दी एका चौकटीत धरता आली, त्याला लग्नाचे शूटिंग काय अवघड!

यावर कोणी म्हणेल, ही शाळा कसली, चोरीच्या सिनेमांवर चालणारा आणि पोरांना फुकट राबवणारा धंदा तो. दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. पण धंदा स्वच्छ नव्हता म्हणून त्यात कोणी काही शिकलेच नाही, असे होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चॅनल मोबाइलने संपवले, त्यात हळहळण्यासारखे काय? जिओ २०१६च्या सप्टेंबरात आले, हे खरे. पण मोबाइलने कॅमेरा स्वस्त केला, गावाचे प्रक्षेपण गावाबाहेर नेले नाही. ते नेले डिजिटायझेशनने. केबल कायद्याच्या २०११च्या दुरुस्तीनंतर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि त्याचा शेवटचा, ग्रामीण टप्पा ३१ मार्च २०१७ला संपला. सिग्नल आता दूरच्या एमएसओच्या, म्हणजे गावोगावच्या केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या बड्या ऑपरेटरच्या, हेडएंडवरून (प्रक्षेपण केंद्रावरून) बंदिस्त होऊन येतो. गावातल्या केबलवाल्याच्या हाती वायर आणि वसुली उरली; मध्ये कॅसेट घालायची सोय गेली. चॅनल चालवायचे तर एमएसओच्या दारात जायचे.

म्हणून दोष प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीला देणे मला पटत नाही. दार बंद झाले ते नियमाने आणि यंत्राने. नोव्हेंबर २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी तर स्थानिक बातम्या देण्याची मुभा फक्त कंपनी म्हणून नोंदलेल्या एमएसओंपुरती ठेवली आहे.