खडी गंमत आपलीच, पण उभं राहायची पाळी कुणाची?

स्टँडअप कॉमेडी म्हणजे मुंबई-पुण्याच्या कॅफेतली गोष्ट, असं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींना वाटते. पण जरा त्या शब्दाकडे पहा. उभं राहून केलेली गंमत. आपल्या झाडीपट्टीत याच अर्थाचं नाव पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे: खडी गंमत!

ना पडदा, ना नेपथ्य. ढोलकी, तुणतुणं, शाहीर, सोंगाड्या आणि नाच्या. दिवसा धानाच्या बांधीत राबणारा माणूस रात्री लोकांच्या मधोमध उभा राहायचा आणि सावकारापासून भोंदू बुवापर्यंत कुणालाच सोडायचा नाही. दिवसा ज्याच्यासमोर मान खाली, रात्री त्याचीच नक्कल. दंडारीतही हेच. शिक्षण, पैसा, ओळख काही लागत नव्हतं.

पुढे झाडीपट्टीचं नाटक आलं. आज वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य केंद्र. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीवर विनोदी नटाला फार मान. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे हे त्यातलं मोठं नाव. ८०० भूमिका, ५,००० च्या वर प्रयोग. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीच्या हसण्यालाच दिल्लीने नमस्कार केला असं वाटलं.

इथपर्यंत अभिमानाचं. आता थोडं अवघड बोलतो.

सगळ्यांची म्हणवणाऱ्या या गंमतीत बाई कुठे होती? नव्हतीच. तिच्या जागी लुगडं नेसलेला पुरुष. बाईवरचे विनोद भरपूर, बाईने केलेला एकही नाही. तो नाच्याही सुखी नव्हता बरं का. रात्री शिट्ट्या, सकाळी त्याच गावाचे टोमणे. नंतर नाटकात बायका आल्या, पण पुष्कळदा नागपूरसारख्या बाहेरच्या शहरातून बोलावलेल्या. आपल्या गावच्या पोरीने रंगमंचावर जाणं घरच्यांना चालत नव्हतं. नाटक पाहायला मात्र अख्खं घर पुढे!

दुसरी गोष्ट बोलीची. नाटकात नायक प्रमाण मराठी बोलतो आणि झाडीबोली पुष्कळदा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी येते. आपलीच बोली, आपल्यालाच हसायला. भामरागड-एटापल्लीच्या माडिया माणसाचं तर विचारूच नका. तो रंगमंचावर आला की मोडकं मराठी बोलणारा भोळा. माडियातही चिमटे काढणारे, नकला करणारे लोक आहेत की! त्यांचा विनोद आपल्या कानावर आला नाही, कारण माईक त्यांच्या हाती कधी दिलाच नाही.

ज्याच्यावर हसतात त्याने स्वतः उभं राहिलं की काय होते, ते आता दिसू लागलं आहे. आपल्या सीमेला लागून असलेल्या बस्तरचा मंजीत सरकार जातीचा अनुभव घेऊन स्टँडअप करतो. हसता हसता लोक मध्येच गप्प होतात. ज्याच्यावर विनोद व्हायचा, तोच आता विनोद करतो आहे. आपल्या सोंगाड्याने सावकारासमोर हेच तर केलं होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कॅफे काढायची गरज नाही. मंडईच्या रात्री मंडप असतो, माईक असतो, गर्दी तर असतेच. नाटकाचा पडदा उघडण्याआधी फक्त १५ मिनिटं द्या. गावच्या पोरीला द्या, माडिया पोराला द्या, त्यांच्या बोलीत बोलू द्या. नटांना देता तसं मानधन द्या. पोरीला रात्री सुखरूप घरी पोचवायची जबाबदारी मंडळाने घ्यावी. आणि कुणी शिट्टी मारून तिला खाली बसवू पाहिलं, तर त्यालाच खाली बसवा.

पहिल्या वर्षी विनोद फसतील. फसू द्या. आपल्या सोंगाड्यांचेही फसलेच असतील.

यंदा तुमच्या गावच्या मंडळात हा विषय काढाल काय? आणि तुमच्या गावात एखादी जुनी खडी गंमत पाहिलेले आजोबा-आजी असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा. आजीला जरूर विचारा, "तुला कधी वाटलं नाही काय वं, आपणही उभं राहावं?"

उत्तर खाली लिहा. मी वाट पाहतो.