‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’ : १९६९ चं किती आणि १९८७ चं किती?

मागच्या वेळी आपण मल्टिट्रॅक टेप आली कशी आणि तिच्यामुळे स्टुडिओतलं काम बदललं कसं, ते पाहिलं. आज त्याच टेपचं पुढचं आयुष्य पाहायचं आहे. म्हणजे वाजवणारा माणूस गेला, टेप कपाटात राहिली आणि चाळीस वर्षांनी तिची तबकडी निघाली, तर त्या तबकडीवर आपण नेमकं काय ऐकतो?

उदाहरण जिमी हेंड्रिक्सचं घेऊ. जन्म सिॲटलचा, नोव्हेंबर १९४२. मृत्यू लंडनमध्ये, १८ सप्टेंबर १९७० रोजी, वय सत्तावीस. हयातीत त्याचे स्टुडिओ अल्बम निघाले तीन, तेही १९६७ आणि १९६८ या दोनच वर्षांत. १९७० मध्ये ‘बँड ऑफ जिप्सीज’ आला, पण ते मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं. मृत्यूनंतर निघालेल्या तबकड्या या चारांच्या कितीतरी पट आहेत. त्यातली ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’ ही मार्च २०१० मधली, बारा गाण्यांची. अमेरिकेच्या यादीत ती पहिल्याच आठवड्यात चौथ्या क्रमांकावर आली. चाळीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस नव्या गायकांच्या रांगेत चौथा!

मुळात इतकं संगीत पडून राहिलं कसं? एक कारण तंत्राचं आणि एक स्वभावाचं. १९६७ मध्ये लंडनला तो चार ट्रॅकच्या यंत्रावर काम करत होता. चारच पट्ट्या असल्या की निर्णय लवकर घ्यावे लागतात. ड्रम आणि बास एकत्र करून एका पट्टीवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या पट्टीवर दुसरं काही भरायचं. एकदा मिसळलं की ते सुटं होत नाही, भाकरीच्या पिठातून मीठ काढता येत नाही तसं. पण दोनच वर्षांत न्यूयॉर्कला त्याच्यासमोर सोळा ट्रॅक आले. आता काहीच ठरवायची घाई नव्हती. ही गिटार ठेवू, तीही ठेवू, बघू नंतर. निर्माता चास चँडलर हा शिस्तीचा माणूस, पटकन काम उरकणारा. ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’च्या वेळी तेच तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवणं आणि स्टुडिओत जमणारी मित्रमंडळी याला कंटाळून १९६८ मध्ये तो बाजूला झाला. त्यानंतर ‘आता पुरे’ म्हणणारं कोणी उरलं नाही.

१९६९ हे वर्ष बघा. फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफली. मे महिन्यात टोरांटोच्या विमानतळावर अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून अटक, आणि डिसेंबरमध्ये सुटका होईपर्यंत डोक्यावर खटल्याची टांगती तलवार. जूनच्या शेवटी बासवादक नोएल रेडिंग गट सोडून गेला. त्याच्या जागी बिली कॉक्स, हेंड्रिक्सचा सैन्यातला जुना दोस्त. ऑगस्टमध्ये वुडस्टॉक. आणि या अख्ख्या वर्षात नवा स्टुडिओ अल्बम एकही नाही. ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’मधली बहुतेक गाणी याच वर्षातली आहेत. म्हणजे हा अल्बम एका अडलेल्या वर्षाची कागदपत्रं आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्या नावाचा अल्बम हेंड्रिक्सनं स्वतः कधी योजलेला नव्हता.

आता मधली चाळीस वर्षं. हेंड्रिक्सनं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस ठरले वडील, अल हेंड्रिक्स. बागकाम करून पोट भरणारा माणूस, त्याला करारमदार काय कळणार? व्यवहार वकील लिओ ब्रँटन पाहू लागले. सुरुवातीच्या तबकड्या त्यातल्या त्यात सरळ होत्या. १९७१ ची ‘द क्राय ऑफ लव्ह’ ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि ड्रमवादक मिच मिचेल यांनी पुरी केली. दोघंही त्या कामात हेंड्रिक्सबरोबर शेवटपर्यंत होते. पण दरवर्षी एक काढायची म्हटल्यावर साठा पातळ होणारच. १९७४ च्या ‘लूज एंड्स’पर्यंत अशी वेळ आली की अमेरिकेतल्या कंपनीनं ती तबकडी काढलीच नाही. त्याआधी, मार्च १९७३ मध्ये, हेंड्रिक्सचा व्यवस्थापक माइक जेफ्री फ्रान्समध्ये विमान अपघातात गेला होता. टेपचा कारभार मग ॲलन डग्लस या निर्मात्याकडे आला.

डग्लसनं जे केलं ते आजही हेंड्रिक्सच्या चाहत्यांत भांडण लावायला पुरेसं आहे. मल्टिट्रॅकवर गिटार वेगळ्या पट्टीवर, गाणं वेगळ्या पट्टीवर, ड्रम वेगळ्या पट्ट्यांवर. मग त्यानं विचार केला, गिटार आणि आवाज ठेवू, बाकीचं बदलू. टोनी बॉन्जोव्ही या ध्वनिमुद्रकाला बरोबर घेऊन त्यानं न्यूयॉर्कचे पेशेवर वादक बोलावले. ॲलन श्वार्ट्झबर्ग ड्रमवर, बॉब बॅबिट बासवर, जेफ मिरोनॉव्ह दुसऱ्या गिटारवर. यातला कोणीही त्या मूळ सत्रांत नव्हता. १९७५ मध्ये ‘क्रॅश लँडिंग’ निघाली, अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. काही गाण्यांवर डग्लसनं सहरचनाकार म्हणून आपलं नावही लावलं.

डग्लसची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती, हेही सांगायला हवं. अर्धवट टेप, मध्येच घसरणारी लय, सूर न जुळलेला बास. हे जसंच्या तसं १९७५ च्या रेडिओवर कोण वाजवणार? पण त्याची किंमत कोणी दिली? वगळले गेले ते हेंड्रिक्सबरोबर रात्र रात्र वाजवलेले, तेव्हा जिवंत असलेले वादक. ड्रमवादकाची लय हा गिटारवादकाच्या वाजवण्याचा अर्धा अर्थ असतो. तबल्याची साथ पुसून तिथे पाच वर्षांनी दुसऱ्याचा ठेका भरला, तर गायकानं समेवर येताना जो तोल साधला होता तो कोणाशी साधला होता? हेंड्रिक्स त्या टेपवर मिचेलला उत्तर देतोय आणि आपल्याला ऐकू येतोय श्वार्ट्झबर्ग. श्वार्ट्झबर्ग उत्तम वादक होता, प्रश्न तो नाही.

इथे आमचाच अनुभव सांगतो. आमच्या पिढीतल्या अनेकांनी हेंड्रिक्स ऐकला तो एकाच्या कॅसेटवरून दुसऱ्यानं भरून घेतलेल्या कॅसेटवर. वर बॉलपेननं ‘हेंड्रिक्स’ एवढंच लिहिलेलं. ‘क्रॅश लँडिंग’च्या वेष्टनावर नव्या वादकांची नावं छापलेली होती, डग्लसनं ती लपवली नव्हती. पण वेष्टन आमच्यापर्यंत आलंच नाही. कित्येक वर्षं आम्ही त्या ड्रमना मिचेलचे ड्रम समजून दाद देत होतो. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हे लगेच कळेल. पोथी नकलून घेताना समासातली ओवी आत शिरते आणि दोन पिढ्यांनी ती मूळचीच वाटू लागते. ज्ञानेश्वरीत असे पाठ घुसले होते म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शोधून शुद्ध करावी लागली.

हेंड्रिक्सचे एकनाथ कोण? तो मान त्याच्या घरच्यांनी घेतला. वडिलांनी १९९३ मध्ये दावा लावला आणि १९९५ मध्ये हक्क परत मिळवले. त्यांनी ‘एक्स्पीरियन्स हेंड्रिक्स’ ही कंपनी काढली, कारभार सावत्र मुलगी जेनी हेंड्रिक्सकडे दिला. (सख्खा धाकटा मुलगा लिऑन याला मृत्युपत्रातून वगळलं होतं. तो कोर्टात गेला आणि २००४ मध्ये हरला. घराघरांत असतं ते तिथेही होतं.) एडी क्रेमर परत आला. नवं धोरण असं की डग्लसचे भरलेले वादक नकोत, त्या सत्रात जे वाजलं तेच ऐकवायचं. ‘क्रॅश लँडिंग’ बाजारातून बाजूला पडली.

आता हे धोरण डोक्यात ठेवून ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’कडे या. पहिलंच गाणं ‘स्टोन फ्री’. मूळ गाणं १९६६ चं, हे १९६९ च्या वसंतातलं नवं ध्वनिमुद्रण. एप्रिल १९६९ च्या याच सत्रांतून डग्लसनं ‘क्रॅश लँडिंग’साठी ‘स्टोन फ्री अगेन’ तयार केलं होतं. तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी ऐका, याहून चांगला धडा नाही. २०१० च्या आवृत्तीत बिली कॉक्सचा बास आणि मिचेलचे ड्रम आहेत. ते जरा सैल आहेत, पण गिटार वळते तिथे तेही वळतात. डग्लसच्या आवृत्तीत खालची लय नीटनेटकी चालत राहते आणि गिटार तिच्यावर तरंगते. घरच्यांचा दावा इथे शंभर टक्के खरा ठरतो.

पण अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून ठेवलं ते गाणं घ्या. त्याच्या तारखा दोन आहेत, सप्टेंबर १९६९ आणि मे १९७०. मध्ये जवळजवळ आठ महिने गेले. हेंड्रिक्स जिवंत असतानाचंच काम, हात त्याचाच, हे मान्य. तरी आज ऐकू येणारं सलग गाणं २०१० चे निर्माते ठरवतात.

आणि मग येतात तीन गाणी, ज्यांच्यासाठी आम्ही आज इथे बसलो आहोत : ‘मिस्टर बॅड लक’, ‘लव्हर मॅन’ आणि ‘क्राइंग ब्लू रेन’. पहिल्याचं मूळ १९६७ चं, उरलेली दोन फेब्रुवारी १९६९ ची. गिटार आणि आवाज तेव्हाचे. पण १९८७ मध्ये चास चँडलरनं या जुन्या टेप बाहेर काढल्या, रेडिंग आणि मिचेलला बोलावलं, आणि दोघांनी आपापले बास आणि ड्रम नव्यानं वाजवले. हेंड्रिक्सला जाऊन तेव्हा सतरा वर्षं होत आली होती. विशीतल्या पोरांनी वाजवलेलं चाळिशीतल्या माणसांनी पुन्हा वाजवलं. मधल्या काळात दोघांनीही ठोक रक्कम घेऊन आपले हक्क सोडून दिले होते, हेही लक्षात ठेवा. हेडफोनमध्ये मित्राची गिटार, जी आता काही बदलणार नाही, आणि आपण तिच्यामागे धावायचं. १९६९ मध्ये ती गिटार यांचं ऐकून वळत होती. १९८७ मध्ये फक्त हे तिचं ऐकत होते.

मग डग्लसनं परके वादक भरले ते वाईट, आणि मूळच्याच वादकांनी स्वतःच्या जागी भरलं तर चालेल? भावनेनं उत्तर ‘हो’ येतं. आमचंही आधी तेच आलं. मिचेलला आपलं वाजवणं सुधारायचा हक्क नाही तर कोणाला? पण इतिहासाचं साधन म्हणून बघितलं की उत्तर बदलतं. ‘क्राइंग ब्लू रेन’वरून १९६९ च्या मिचेलबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही, कारण तिथे १९८७ चा मिचेल आहे. नाव तेच असल्यामुळे फसगत उलट जास्त सोपी. ‘क्रॅश लँडिंग’च्या वेष्टनावर परकं नाव तरी दिसायचं. इथे वेष्टन वाचलं तरी ओळखीचीच नावं दिसतात, सत्राची तारीख मुद्दाम शोधावी लागते. आणि आता आपण फोनवर ऐकतो, म्हणजे तेवढंही नाही. गाण्याचं नाव, एक चित्र, खाली २०१०. आमच्या बॉलपेनच्या कॅसेटवर आणि यात फार फरक उरला नाही.

याच अल्बममध्ये न शिवलेलं काय आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्ही ऐकायचंच सोडून द्याल. ‘फायर’ आणि ‘रेड हाउस’ ही १७ फेब्रुवारी १९६९ ची, लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओतली. दुसऱ्या दिवशी अल्बर्ट हॉलची मैफल होती, त्याआधीची ही उजळणी. अल्बम करायचा म्हणून नव्हे, हात मोकळे करायला वाजवलेलं. ‘रेड हाउस’ आठ मिनिटांच्या वर चालतं. सावकाश लय, कुठेही पोचायची घाई नाही. एप्रिलमधलं न्यूयॉर्कचं ‘हिअर माय ट्रेन अ कमिन’ही याच जातीचं. फुटायला आलेल्या तिघांच्या गटाचे हे शेवटचे महिने, आणि रेडिंगचा बास खरोखर त्या महिन्यांतला आहे. या गटाबद्दल काही म्हणायचं असेल तर या तीन गाण्यांवरून म्हणावं, असं आमचं मत आहे.

पुढे २०१३ मध्ये ‘पीपल, हेल अँड एंजल्स’ आणि २०१८ मध्ये ‘बोथ साइड्स ऑफ द स्काय’ आले. त्यांच्यात शिरत नाही, वेळ होत आली आहे.

चँडलर १९९६ मध्ये वारला, रेडिंग २००३ मध्ये. मिचेल नोव्हेंबर २००८ मध्ये गेला, हेंड्रिक्सच्याच गाण्यांचा दौरा संपवून ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या एका हॉटेलात. ‘व्हॅलीज ऑफ नेपच्यून’ निघाली ती त्यानंतर सोळा महिन्यांनी. १९८७ मध्ये त्यांनी जे भरलं होतं ते या रूपात बाहेर आलेलं तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही.

आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी हात वर केला होता.